सोरायसिसच्या औषध-चाचणीत मी भाग घेतला, त्याची हकिकत

सोरायसिसवरच्या एका नव्या इंजेक्शनच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये मी २०२३ च्या फेब्रुवारीत नाव घातलं आणि २०२४ च्या पावसाळ्यात त्यातून बाहेर पडले. नाव घालायच्या आधी माहिती शोधायला बसले, तेव्हा समोर येत होतं ते एकतर 'माणसांवरचे प्रयोग' अशा भीतीचं, नाहीतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. आत गेल्यावर रोज काय होतं, कोणते कागद पुढे येतात, कशासाठी किती थांबावं लागतं, हे पेशंटनं पेशंटला सांगितलेलं मला हवं होतं. म्हणून हे लिहितेय. औषधाचं, कंपनीचं आणि हॉस्पिटलचं नाव देत नाही. ट्रायल एका मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात होती, एवढं पुरे.

मला सोरायसिस धाकट्याच्या जन्मानंतर सुरू झाला. आधी कोपरांवर, मग गुडघे, टाळू, पाठ. नातेवाइकांपैकी प्रत्येकानं त्याला वेगळं नाव दिलं, नायटा, गजकर्ण, खरूज. ही तिन्ही नावं पसरणाऱ्या आजारांची आहेत, आणि सोरायसिस पसरत नाही. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच चुकीच्या दिशेनं चेतवली जाते आणि एरवी महिनाभर घेणारी त्वचेच्या पेशींची वाढ काही दिवसांत उरकते. तेच पापुद्रे होऊन गळतात. हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले. तरी बसमध्ये शेजारची बाई सरकून बसते तेव्हा आत काहीतरी तुटतंच.

मलमं झाली, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या झाल्या. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले म्हणून त्या बंद करायला लागल्या. मग नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा शेक, आठवड्यातून तीनदा. नोकरी सांभाळून तो नियमित घेणं फार जड जायचं. प्रतिकारयंत्रणेतला नेमका एखादा घटक अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं बाजारात होती, पण ती वर्षानुवर्षं घेत राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. जानेवारीत माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी ट्रायलचा विषय काढला. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं : "हा उपचार नाही, संशोधन आहे. तुम्हाला फायदा होईल असं मी म्हणू शकत नाही, कारण तेच अजून शोधायचंय." ट्रायलचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं हे आधी मनात पक्कं करावं असं मला वाटतं. नंतरच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी मला त्याचा उपयोग झाला.

घरी येऊन मी आधी ती ट्रायल सीटीआरआयवर शोधली. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया. ती आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेकडून चालवली जाते आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे करणं बंधनकारक आहे. ती नोंद कुणालाही, विनामूल्य वाचता येते. आजाराचं नाव टाकलं की यादी येते. त्यात चाचणी कितव्या टप्प्यातली आहे, कुणाला घेणार, कुणाला नाही, कोणकोणत्या हॉस्पिटलांत चालू आहे, आणि तिथल्या नैतिकता समितीची म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आहे का, हे सगळं असतं. भाषा इंग्रजी आणि क्लिष्ट आहे. पण निदान या तीन गोष्टी बघाच : टप्पा, मंजुरी, आणि वगळण्याचे निकष. माझी ट्रायल तिसऱ्या टप्प्यातली होती. म्हणजे औषध आधी थोड्या लोकांना देऊन झालेलं होतं आणि आता जास्त लोकांत, प्लासिबोशी, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेल्या इंजेक्शनशी तुलना करून त्याचा परिणाम पाहायचा होता.

फेब्रुवारीत पहिली भेट ठरली. तिथे मुख्य संशोधक असलेल्या डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ मी स्टडी कोऑर्डिनेटरबरोबर घालवला. आम्ही सगळे पेशंट त्यांना ताईच म्हणायचो. त्यांनी माहितीपत्रक आणि संमतीपत्रक हातात ठेवलं. मराठीत, पण चांगलंच जाडजूड. मी ते वाचायला घरी मागितलं आणि त्यांनी लगेच दिलं. इथे घाई करणारं कुणी भेटलं तर तिथूनच परत फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आम्ही ते रोज रात्री थोडं थोडं वाचलं. यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, तुला नुसतं पाणी टोचलं तर चार महिने तू असंच काढायचंस का?" मी समासात प्रश्न लिहीत गेले. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, आजार फारच वाढला तर काय, मधेच सोडायचं असेल तर, औषधानं इजा झाली तर खर्च कुणाचा, ट्रायल संपल्यावर औषध मिळेल का, माझ्या रक्ताचे नमुने किती वर्षं ठेवणार, फोटोत चेहरा दिसेल का. पुढच्या भेटीत ताईंनी आणि डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. दर तिघांत एकाला प्लासिबो. आजार ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला तर ट्रायलबाहेर काढून नेहमीचे उपचार. केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे त्या हॉस्पिटलातले माझे पुढचे उपचार अडणार नाहीत. इजा झाली तर २०१९ च्या 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स'प्रमाणे वैद्यकीय उपचार मोफत, आणि इजा ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाई वेगळी. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर होता. तो पेशंटसाठीच असतो. या समितीत निदान सात माणसं असावी लागतात, त्यांत एक कायदा जाणणारी, एक वैद्यकक्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती आणि एक स्त्री असावीच लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे लागतात. माझे कागद डॉक्टरांखेरीज कुणीतरी पेशंटच्या नजरेनंही वाचले आहेत, हे कळल्यावर मला धीर आला.

सही करताना तारीख आणि वेळ आपल्याच हातानं लिहायची असते. सही झालेली प्रत मागून घ्या, तो आपला हक्क आहे. प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. पुढे औषधाबद्दल नवी माहिती आली की नवी आवृत्ती येते आणि पुन्हा सही घेतात. माझ्याकडून मधेच एकदा घेतली. असं झालं की काय बदललंय ते विचारायचं आणि तेवढा भाग वाचून मगच सही करायची. काही ट्रायल्समध्ये, विशेषतः सहभागी माणूस परिस्थितीनं दुर्बळ असेल तर, संमतीची सगळी प्रक्रिया व्हिडिओवर नोंदवतात. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांच्या चाचण्यांत मात्र फक्त आवाज नोंदवण्याची मुभा आहे. त्या पेशंटांना चेहरा लपवायचा असतो, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात घेतलं याचं मला बरं वाटलं.

मग स्क्रीनिंग. सगळे तपास मोफत, पण अख्खा दिवस जातो. रजा पूर्ण दिवसाचीच टाका. डॉक्टरांनी अंगावरचे चट्टे मोजले. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण एक टक्का, असं ते माप असतं. घ्यायची अट निदान दहा टक्क्यांची होती. मग पासी काढला : डोकं, हात, धड आणि पाय यांवरची लाली, जाडी आणि पापुद्रे यांना गुण देऊन शून्य ते बहात्तरमधला एक आकडा येतो. बाराच्या वर लागतो, माझा सोळाच्या पुढे होता. या तपासणीत सगळे कपडे काढावे लागतात. स्त्री डॉक्टर हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा. मी सांगितलं आणि सोय झाली.

त्यानंतर ताईंनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला. डीएलक्यूआय नावाची ही प्रश्नावली १९९४ पासून त्वचारोगांच्या अभ्यासांत वापरतात. गेल्या आठवड्यात खाज किती होती, त्वचेमुळे संकोच वाटला का, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, जवळच्या माणसांशी वागताना अडचण आली का. मी कितीतरी वर्षं उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवत होते. इतक्या डॉक्टरांकडे गेले, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. कागद भरताना डोळे भरून आले. ताई काही न बोलता बाहेर जाऊन थांबल्या, घाई केली नाही.

रक्ताच्या बऱ्याच नळ्या भरल्या. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, क्षयरोग, शिवाय लिव्हर, किडनी आणि गर्भधारणा. त्वचेच्या औषधासाठी एवढ्या संसर्गांचे तपास कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण सरळ आहे. हे औषध प्रतिकारयंत्रणेतला एक निरोप अडवतं. त्यानं सोरायसिस शमतो, पण शरीरात आधीपासून दबून असलेला एखादा संसर्ग डोकं वर काढू शकतो. एचआयव्हीच्या चाचणीआधी समुपदेशकांनी वेगळ्या खोलीत बसवून माहिती दिली आणि वेगळी लेखी संमती घेतली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही संमती आणि निकालाची गुप्तता दोन्ही बंधनकारक केली आहे. त्या बाईंनी 'तुम्हाला कशाला असेल' असं म्हणत विषय उडवून लावला नाही. सगळं नीट समजावलं आणि शंका विचारायला वेळ दिला.

मलमं आणि शेक स्क्रीनिंगबरोबरच बंद झाले. याला वॉशआउट म्हणतात. आधीच्या औषधांचा असर उतरावा म्हणून मलमांना दोन आठवडे आणि शेकाला चार आठवडे सुट्टी द्यावी लागते. हा काळ कठीण असतो. चट्टे जाड होतात, रात्री झोप लागत नाही. कोणतं साधं मॉइश्चरायझर चालेल ते आधीच लिहून घ्या आणि पुरेसं आणून ठेवा. औषधी घटक असलेलं काहीही चालत नाही. शांपूसुद्धा विचारून घ्यावा लागतो.

मार्चच्या सुरुवातीला ताईंचा फोन आला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, पण क्षयरोगाची आयजीआरए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली होती. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, पायांतलं बळच गेलं. डोक्यात एकच, मुलं. त्या संध्याकाळी मी त्यांना जवळ घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरांनी समजावलं, ते इथे सविस्तर लिहिते, कारण हे खूप जणांना माहीत नसतं. क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे क्षयरोग झाला, असं नव्हे. बहुतेकांत प्रतिकारयंत्रणा त्यांना वेढून दाबून टाकते. माणूस धडधाकट असतो, खोकला नाही, ताप नाही, थुंकीत जंतू नाहीत आणि त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही. याला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या साधारण एक चतुर्थांश माणसांत तो असतो. त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली की हा धोका वाढतो. टीएनएफ नावाच्या घटकाला अडवणारी इंजेक्शनं आली, तेव्हा हे ठळकपणे दिसून आलं. म्हणून अशा कुठल्याही औषधाआधी हा तपास हवाच, ट्रायल असो वा नसो. लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे हातावरची मॉन्टू चाचणी फसवू शकते, आयजीआरएला बीसीजीचा अडथळा होत नाही.

त्यांनी विचारलं, घरात कधी कुणाला टीबी होता का? मी लहान असताना आजोबांना होता, ते वर्षभर अंगणातल्या खोलीत असायचे. बहुधा तिथूनच. आत्ता घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, यांतलं काही आहे का तेही विचारलं. तसं असेल तर त्या माणसाची थुंकी तपासायची. तसं कुणालाच नव्हतं. मुलांना माझ्यापासून काही धोका नाही हे त्यांच्या तोंडून दोनदा ऐकल्यावर मी घरी जाऊन आधी धाकट्याला उचललं.

सासूबाईंना सांगणं अवघड गेलं. "टीबी" एवढाच शब्द त्यांनी ऐकला आणि माझी ताटवाटी वेगळी काढायला उठल्या. मी त्यांना म्हटलं, "आई, माझ्या चट्ट्यांपासून तुम्हाला काही होत नाही, आणि यापासूनही होत नाही. डॉक्टरांशी बोलाल का?" पुढच्या खेपेला त्या बरोबर आल्या, स्वतःचे प्रश्न विचारले, आणि परत आल्यावर ताटवाटीचा विषय निघाला नाही. घरातल्या मोठ्या माणसाला डॉक्टरांसमोर नेऊन बसवणं, हे आपण दहा वेळा समजावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कागदोपत्री मी 'स्क्रीन फेल्युअर' ठरले. हा शब्द मनाला लागतो, पण त्याचा अर्थ एवढाच की त्या खेपेला निकष जुळले नाहीत. क्षयप्रतिबंधक औषधं सुरू करून निदान चार आठवडे झाले की पुन्हा तपासणी करता येईल, असं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात होतं. मला आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचा कोर्स दिला. आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. माझा मेथोट्रेक्सेटचा इतिहास असल्यामुळे रक्त जरा वरचेवर तपासलं. बायकांसाठी महत्त्वाचं म्हणजे रिफापेंटिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि ट्रायलमध्ये तर गर्भधारणा टाळण्याची सक्त अट असते. मला तांबी बसवलेली होती म्हणून प्रश्न आला नाही. गोळ्यांवर असाल तर हे आधी बोला.

एप्रिलअखेर दुसरं स्क्रीनिंग झालं आणि मे महिन्यात मी एकदाची ट्रायलमध्ये शिरले. त्या दिवशी आधी बायोप्सी होती, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचे छोटे तुकडे काढायचे होते. बायोप्सीची संमती वेगळी असते आणि ती नाकारून मुख्य ट्रायलमध्ये राहता येतं. मी दोन दिवस विचार केला. सोरायसिसमध्ये निरोगी त्वचेला इजा झाली तर तिथेही चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात कोबनर नावाच्या डॉक्टरांनी हे नोंदवलं, म्हणून त्याला कोबनर फेनॉमेनन म्हणतात. पेशंटांना ते नाव माहीत नसलं तरी अनुभव असतोच. घट्ट नाडीखाली, ओरखड्यावर, चट्टे उठतात. इथे तर एक तुकडा चट्ट्याचा आणि एक निरोगी त्वचेचा घ्यायचा होता. पण औषध त्वचेच्या आत काय करतं हे वरून बघून कळत नाही, त्यासाठी तुकडाच लागतो. शेवटी मी हो म्हटलं. जागा मांडीवर, कपड्याखाली झाकली जाईल अशी मागितली.

भुलीचं इंजेक्शन चुरचुरतं, तेवढंच काय ते दुखलं. मग चार मिलिमीटर तोंडाचं, पंच नावाचं अवजार गोल फिरवतात. दाब कळतो, दुखत नाही. प्रत्येक जागी एक टाका. एक तुकडा अर्धा करून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा लगेच गोठवायला नेला. चोवीस तास पट्टी भिजू द्यायची नाही, नंतर हात धुऊन जखम स्वच्छ करून साधं व्हॅसलिन. टाके काढायला दीडेक आठवड्यानं जावं लागलं. जखम लाल, गरम झाली, ठणकली किंवा पू आला तर वाट न बघता फोन करायचा. निरोगी जागेवरच्या टाक्याभोवती तीनेक आठवड्यांनी खरंच लालसर खवल्यांची कडा आली. मी फोटो काढून पाठवला, त्यांनी नोंद केली. हे होऊ शकतं हे मला आधी सांगितलेलं होतं, म्हणून मी हादरले नाही.

कोणत्या गटात जायचं ते संगणक ठरवतो. डॉक्टरांनाही कळत नाही. तो निकाल येईपर्यंत मुख्य डॉक्टर शेजारी बसून बोलत होते. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची ही आधुनिक पद्धत प्रसिद्ध झाली ती ब्रिटनमध्ये, १९४८ साली, आणि आजार होता फुप्फुसाचा क्षयरोग. स्ट्रेप्टोमायसिन नवं होतं आणि युद्धानंतर ते फारच थोडं मिळत होतं. सगळ्यांना पुरणारच नव्हतं, तेव्हा कुणाला द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांवर सोपवलं. १०७ पेशंट होते, ५५ जणांना औषध आणि ५२ जणांना फक्त विश्रांती. मी त्याच आठवड्यात क्षयाच्या गोळ्या गिळत तिथे बसले होते. त्या ५२ जणांचा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

पहिली इंजेक्शनं पोटावर दिली आणि तासभर थांबवून ठेवलं. एक कार्ड मिळालं, त्यावर ट्रायलचा क्रमांक आणि चोवीस तास चालणारा फोन. ते पर्समध्ये कायम ठेवा आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी दाखवा. जिवंत जंतूंच्या लसी या काळात घेता येत नाहीत. फ्लूची इंजेक्शनची लस चालते, पण तीही विचारून. एक डायरी मिळाली, त्यात डोकं दुखल्यापासून सगळं लिहायचं.

मग दुसरा, चौथा, आठवा, बारावा, सोळावा आठवडा, अशा भेटी. रक्त उपाशीपोटी घेतात, त्यामुळे डबा बरोबर न्यायचा. प्रवासखर्च मिळतो, पण तिकिटं जपून ठेवावी लागतात आणि पैसे खात्यात यायला महिना-दीड महिना लागायचा. रजेचे पैसे मिळत नाहीत. माझ्या साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

आठव्या आठवड्यापर्यंत काहीही फरक नव्हता, उलट पाठ जास्त भरली. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांचे हात मात्र दर खेपेला स्वच्छ होताना दिसत होते. ते दिवस फार जड गेले. एक नातलग म्हणाल्या, "जरासं मलम लावलंस तर कुणाला कळणार आहे?" मला कळलं असतं. माझ्या त्वचेवरचा आकडा खोटा झाला असता आणि त्या आकड्यावर विसंबून उद्या कुणाला तरी हे औषध मिळणार किंवा नाकारलं जाणार होतं. सहन होत नसेल तर बाहेर पडावं, त्यात काही गैर नाही. पण आत राहून लपवू नये. मी ताईंना स्पष्ट सांगितलं की मला रोज रडू येतंय. त्यांनी डॉक्टरांची वेगळी भेट घडवली, बाहेर पडण्याचा पर्याय पुन्हा समजावला आणि खाजेसाठी चालणारी एक गोळी मिळाली. मी राहायचं ठरवलं.

जुलैत घसा धरला आणि ताप आला. मी आधी कार्डावरच्या नंबरवर फोन केला, मग आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे सोरायसिस भडकू शकतो, म्हणून घशाचा नमुना घेतला आणि अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला. ट्रायलच्या कागदांत ही 'अ‍ॅडव्हर्स इव्हेंट' म्हणून नोंदली गेली. औषधाचा संबंध असो वा नसो, सगळं नोंदतात. हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर ती गंभीर घटना ठरते आणि संशोधकांना ती चोवीस तासांत वर कळवावी लागते, म्हणून फोन उशिरा करू नका.

सोळाव्या आठवड्यानंतर प्लासिबोवाल्यांनाही खरं औषध सुरू होणार होतं. कोण कुठल्या गटातलं हे मात्र उघड होणार नव्हतं. सप्टेंबरअखेर अंगावर पापुद्रे कमी पडू लागले. ऑक्टोबरात चादर झटकताना काही पडलं नाही. नोव्हेंबरच्या भेटीत पासी दोनच्या आसपास होता. पासी नव्वद टक्क्यांनी उतरला तर त्याला पासी ९० म्हणतात, मी त्याच्या अगदी काठावर होते. डीएलक्यूआयच्या कपड्यांच्या प्रश्नापुढे मी 'अजिबात नाही'वर खूण केली आणि त्याच आठवड्यात शिंप्याकडे अर्ध्या बाह्यांचं माप दिलं.

२०२४ च्या मेमध्ये बावन्न आठवडे पुरे झाले. पुढे काही आठवडे औषध न देता फक्त तपासण्या, मग कागद मिटले. औषध बंद होणार हे संमतीपत्रकात लिहिलेलं होतं. ट्रायलनंतर मोफत औषध देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती मुख्यतः दुसरा उपचारच उपलब्ध नसेल अशा आजारांसाठी. सोरायसिसला दुसरे उपचार आहेत. हे मला माहीत होतं, तरी शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी वाईट वाटलं. पुढची सोय शेवटच्या भेटीच्या तीन-चार महिने आधीच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. ऑक्टोबरात कोपरांवर चट्टे परत आले. आता पुन्हा यूव्हीबी चालू आहे, पण घराजवळच्या सेंटरमध्ये संध्याकाळची वेळ मिळालीय, त्यामुळे जमतंय. एखादं बायोलॉजिक घ्यायचं का, यावर आमचं बोलणं सुरू आहे.

कोण कुठल्या गटात होतं ते सगळ्या केंद्रांवरची माहिती गोळा होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सांगत नाहीत. मी लेखी विनंती करून ठेवली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत पत्र आलं, पहिले सोळा आठवडे मला प्लासिबोच होता. ते पत्र वाचताना मला फसवल्यासारखं वाटलं नाही. माझी पाठ भरत होती आणि शेजारच्यांचे हात निवळत होते, त्या दोन्ही आकड्यांतला फरक हाच तर त्यांना मोजायचा होता.

शेवटी कागदांबद्दल. सही केलेल्या संमतीपत्रकाची प्रत, सगळे रक्ताचे रिपोर्ट, बायोप्सीचा रिपोर्ट आणि गटाचं पत्र एका फायलीत ठेवा. त्यातही क्षयप्रतिबंधक कोर्स पुरा केल्याचा तारखांसकट दाखला सर्वांत वर. आयजीआरए कोर्सनंतरही पॉझिटिव्हच येत राहू शकते. पुढे कुठलंही बायोलॉजिक सुरू करताना नवे डॉक्टर तो तपास पुन्हा सांगतील, तेव्हा आधी हा दाखला आणि जुना एक्स-रे दाखवायचा.